तैलरंगांचा चिखल होतोय? नवी ट्यूब घेण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. पुढच्यापैकी काय होतंय ते नीट आठवा.

पावसाळ्यातल्या शेताचा ताजा हिरवा हवा होता, पण पिवळ्यात निळा घातला आणि पॅलेटवरच, म्हणजे रंग मिसळायच्या पाटीवरच, विटका, शेवाळी रंग तयार झाला. जांभळा करायला घेतला, तपकिरी झाला. पॅलेटवर हवा तसा जमला होता, पण कॅनव्हासवर लावताच मळका दिसायला लागला. रात्री रंगवलेलं आकाश सकाळी हिरवट निघालं. किंवा ओलं असताना चित्र छान होतं आणि वाळल्यावर गडद भाग राखाडी, निर्जीव पडले.

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या रविवारच्या चित्रकला-गटात या सगळ्याला एकच नाव आहे: "रंगाचा चिखल झाला." आणि पुढचं वाक्यही ठरलेलं, "बाई, कुठली ट्यूब घेऊ?" मी दर वेळी तेच सांगते: ट्यूब नंतर, आधी मळ कुठे शिरला ते शोधा. हौशी चित्रकारांचे असे रंग मी वर्षानुवर्षं निस्तरत आलेय. त्यातली बरीचशी दुखणी उजेडात, चिंधीत किंवा रंग मिसळायच्या जागेत सापडतात. तिथे काही सापडलं नाही तरच ट्यूबांकडे वळायचं.

म्हणून लक्षण कुठल्या टप्प्यावर दिसलं हे महत्त्वाचं. पॅलेटवरच बिघडत असेल तर चिंधी, ब्रश किंवा रंगांची निवड. पॅलेटवर बरोबर आणि कॅनव्हासवर चूक, तर पॅलेटचा स्वतःचा रंग. रात्री-सकाळचा फरक असेल तर दिवा. वाळल्यावर बिघडलं तर कॅनव्हासचा अस्तर-थर, म्हणजे रंगवण्याआधी कॅनव्हासवर दिलेला लेप. खालच्या तपासण्या फुकटपासून खर्चिकपर्यंत अशा लावल्यात. मधली उडी मारू नका, कारण वरचा दोष तसाच राहिला तर खालची तपासणी खोटं उत्तर देते.

उजेड

एक पैसाही लागत नाही, म्हणून इथून सुरुवात. पांढऱ्या जाड कागदाच्या पट्टीवर तुमचं मिश्रण थोडं फासा. ती पट्टी तुम्ही रंगवता तिथे बघा, मग दिवसा दारात नेऊन बघा. रंग बदललेला दिसला तर दोष उजेडाचा.

दिव्याच्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पिवळसर बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा असतो. त्याच्याखाली पिवळा फिका वाटतो, म्हणून हात आपोआप जास्त पिवळा घालतो आणि सकाळी आकाश हिरवट दिसतं. ५००० ते ६५०० केल्विनचा दिवा दिवसाच्या उजेडाच्या जवळ जातो. खोक्यावर सीआरआय नावाचा, दिवा रंग किती खरे दाखवतो ते सांगणारा आकडा छापलेला असतो, तो ९० किंवा त्याहून जास्त असलेला घ्या. हा आकडा कमी असेल तर दिवा पांढरा दिसूनही काही रंग मेलेले दाखवतो, आणि दोन मिश्रणं दिव्याखाली जुळतात पण उन्हात वेगळी पडतात.

गोव्यात याला आणखी काही गोष्टी जोडलेल्या आहेत. जून आला की बल्कांवाला, म्हणजे घरापुढच्या ओसरीला, निळं प्लास्टिक बांधतात. त्यातून येणारा उजेड निळा असतो, आणि आपण भरपाई म्हणून चित्र नकळत तांबूस करत जातो. पावसाळ्यातली चित्रं दिवाळीत बाहेर काढल्यावर सगळी विटकरी का, याचं उत्तर मला अनेक घरांत त्या प्लास्टिकमध्येच सापडलंय. जुन्या घरांतली लाल सिमेंटची गुळगुळीत जमीनही अशीच, उन्हं आत आली की कॅनव्हासच्या खालच्या अर्ध्यावर लाली चढते. तिथे राखाडी चादर अंथरा. शिंपल्यांच्या खिडक्यांचा उजेड मऊ आणि सुंदर असतो, पण रंग जुळवण्यासाठी अपुरा. आणि भडक शर्ट घालून रंगवायला बसू नका, त्याचं प्रतिबिंब ओल्या रंगावर पडतं.

चित्रकलेच्या पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीची शिफारस असते. ती युरोपातली, तिथे उत्तरेकडून थेट ऊन येत नाही. पणजी साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पावसाळी ढगांत ते जाणवत नाही, पण मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतून ऊन येऊ शकतं. तेवढ्यापुरता पातळ पांढरा पडदा लावा.

चिंधी आणि टर्पेंटाइनची बाटली

ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवण्याआधी चिंधीने पुसता का? बहुतेक जण पुसत नाहीत. मग बाटलीतलं टर्पेंटाइन राखाडी होतं आणि पुढच्या प्रत्येक रंगात तो राखाडी थोडा थोडा जातो. पिवळ्याला हे सर्वांत लवकर बाधतं, कारण चिमूटभर निळा किंवा काळासुद्धा पिवळ्याला हिरवट करून टाकतो.

तपासणी सोपी आहे. "धुतलेला" ब्रश पांढऱ्या कागदावर दाबून फिरवा. ठसा उमटला तर ब्रश धुतलेला नाही. उपाय: दोन बरण्या, एक पहिल्या धुण्याची, एक दुसऱ्या. शिवाय पिवळा-पांढरा, लाल-तपकिरी आणि निळा-हिरवा यांना वेगळे ब्रश. बरणी रात्रभर स्थिर ठेवली की गाळ खाली बसतो आणि वरचं निवळलेलं टर्पेंटाइन पुन्हा वापरता येतं. गाळ मोरीत ओतू नका, आपल्याकडे पुष्कळ घरांच्या आवारात विहीर आहे. तो जुन्या डब्यात वाळू द्या.

आणि इथे एक इशारा, तो गंभीरपणे घ्या. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता बाहेर पडते. तेलकट चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की ती उष्णता आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. वापरलेल्या चिंध्या बाहेर दोरीवर पसरून सुकवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

रंग मिसळायची जागा

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. नव्या सेटसोबत येणारी तपकिरी लाकडी पॅलेट दिसते छान. पण आपला कॅनव्हास पांढरा असतो. तपकिरीवर ठेवलेला रंग उजळ आणि थंड वाटतो, तोच पांढऱ्यावर गेला की गडद आणि मळका वाटतो. रंग तोच आहे, शेजार बदललाय. शेजारचा रंग डोळ्याला कसा फसवतो याचे नियम फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली मांडले. पॅरिसच्या गोबेलाँ कारखान्यात रंगाई त्यांच्या देखरेखीखाली होती, आणि विणकरांचा काळा धागा फिका दिसतो ही तक्रार तपासताना खोट रंगात नसून शेजारच्या धाग्यांत आहे हे त्यांच्या लक्षात आलं. जुने चित्रकार लाकडी पॅलेट वापरत, पण त्यांच्यापैकी अनेकांचा कॅनव्हासही आधीच तपकिरी अस्तराचा असे. पॅलेट आणि कॅनव्हास एकमेकांशी जुळत होते.

म्हणून नियम एवढाच: पॅलेटचा रंग कॅनव्हासच्या अस्तराशी जुळवा. पांढऱ्या अस्तरावर काम असेल तर पांढरी टाइल. गोव्यात बांधकाम चालू नाही असा गाव नाही. टाइलच्या दुकानात एखादी सुटी, साधी, गुळगुळीत, चकाकी असलेली पांढरी टाइल मागा. नक्षी नको आणि मॅट तर अजिबात नको, खडबडीत पृष्ठभागावर कालचा रंग अडकून राहतो.

तुम्ही अस्तर राखाडी किंवा मातकट करून घेत असाल तर काच उत्तम. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्या, काचवाल्याकडून चारही कडा घासून घ्या आणि खाली अस्तराच्याच रंगाचा कागद ठेवा. अस्तर बदललं की कागद बदलायचा. रोज शेवटी पात्याने खरवडली की काच कोरी होते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. लाकडी पॅलेट ठेवायचीच असेल तर पहिल्या वापराआधी काही दिवस रोज जवसाचं तेल चोळून मुरवा, नाहीतर कोरडं लाकूड रंगातलं तेल पिऊन टाकतं आणि रंग खडूसारखा होतो. कागदी ताटलीचंही तेच. थर्मोकोलची ताटली टर्पेंटाइनने विरघळायला लागते, ती नकोच. अॅक्रिलिकची शीट चालते, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या थिनरने पुसू नका, धुरकट होते.

मांडणीही बघा. रंग कडेने ओळीत ठेवा, मधली जागा मिसळायला मोकळी. कालच्या मिश्रणाच्या कडेला आजचं मिश्रण करायचं नाही. मधली जागा भरली की खरवडा, पुसा, मग पुढे. निम्मा चिखल इथे थांबतो.

नाइफ आणि मोजणी

ब्रशने मिसळताना केसांच्या मुळाशी अडकलेला आधीचा रंग हळूहळू बाहेर येत राहतो. पॅलेट नाइफने, म्हणजे रंग मिसळायच्या बोथट पात्याने, मिसळा आणि प्रत्येक मिश्रणानंतर नाइफ पुसा. मग मोजा: एका मिश्रणात पांढरा धरून तीनपेक्षा जास्त ट्यूबा गेल्या का? प्रत्येक रंगद्रव्य उजेडातला काही भाग गिळतं. चार-पाच वेगवेगळी द्रव्यं एकत्र आली की सगळीकडचाच उजेड गिळला जातो आणि उरतो तो राखाडी-तपकिरी. बिघडलेलं मिश्रण आणखी रंग घालून सुधारायला जाऊ नका. बाजूला सारा, सावल्यांसाठी वापरा, आणि कोऱ्या जागेवर नव्याने करा. गडदात फिकं ओतत बसण्यापेक्षा फिक्यात गडद कणाकणाने घाला. थॅलो निळा तर इतका जोरदार की नाइफच्या टोकावरचा ठिपका पुरतो.

ट्यूबवरची बारीक अक्षरं

इथवर सगळं बरोबर असूनही रंग पॅलेटवरच विटत असेल, तर आता ट्यूबा ओळीने मांडा आणि मागचं लेबल वाचा. पीबी २९, पीआर १०८, पीवाय ४३ असे संकेतांक दिसतील. पीबी म्हणजे निळं रंगद्रव्य, पीआर लाल, पीवाय पिवळं, पीव्ही जांभळं, पीडब्ल्यू पांढरं. एकच संकेतांक असेल तर ट्यूबमध्ये एकच द्रव्य. दोन-तीन असतील तर ती ट्यूब आधीच मिश्रण आहे. सॅप ग्रीन बहुतेकदा असंच मिश्रण असतं. अशा दोन ट्यूबा मिसळल्या की तुम्हाला वाटतं दोनच रंग घेतले, प्रत्यक्षात पाच-सहा गेलेले असतात. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल तर ते मूळ द्रव्य नसून त्याची नक्कल आहे. नक्कल वाईटच असते असं नाही, पण ती मिसळताना वेगळी वागते. आणि विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ट्यूबांत द्रव्य कमी आणि भराव जास्त असतो, त्यामुळे पांढरा मिसळताच त्या लवकर फिक्या पडतात.

आता प्रत्येक रंगाचा कल तपासा. टाइलवर नाइफने थोडा रंग जाड ठेवा आणि त्याचीच एक पातळ ओढ काढा. जाड थरात लपलेला कल पातळ ओढीत उघडा पडतो. अल्ट्रामरीन निळा जांभळ्याकडे झुकतो, थॅलो निळा हिरव्याकडे. लेमन यलो हिरव्याकडे, गडद कॅडमियम पिवळा नारिंगीकडे. कॅडमियम लाल नारिंगीकडे, अलिझरीन क्रिमझन जांभळ्याकडे. मिश्रण स्वच्छ हवं असेल तर दोन्ही रंग एकमेकांकडे झुकणारे घ्यायचे. जांभळा तपकिरी का झाला ते आता कळेल: कॅडमियम लालमध्ये पिवळ्याचा अंश असतो आणि पिवळा जांभळ्याला मारतो. क्रिमझन आणि अल्ट्रामरीन घ्या, जांभळा येईल. मात्र खरा अलिझरीन, पीआर ८३, पातळ थरात उजेडाने उडतो. त्याऐवजी पीव्ही १९ म्हणजे क्विनॅक्रिडोन घेतलेला बरा.

कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, हिरव्याचं उदाहरण घेऊ, कारण आमच्या भागात सगळ्यांना तोच हवा असतो. पोफळीच्या वरच्या झावळ्यांवर ऊन पडतं तिथे लेमन यलो हरभऱ्याएवढा, त्यात थॅलो निळ्याचा ठिपका. हा हिरवा एकटा फार कर्कश असतो, म्हणून बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरीचा, कण. तेवढ्याने तो झाडाचा होतो. खालची, मिरवेल चढलेल्या खोडांजवळची सावली अल्ट्रामरीन आणि यलो ओकरची (मातकट पिवळा), शिवाय थोडा बर्न्ट सिएना. हा हिरवा मंद येतो, आणि तिथे मंदच हवा. शेजारचा चिऱ्याचा गडगा बर्न्ट सिएनात थोडा कॅडमियम लाल घालून केला की त्याच्या लालीमुळे हिरवा आणखी टवटवीत दिसतो. म्हणजे मंद रंग हा दोष नाही. जिथे नको तिथे आला की दोष.

नवीन घेणाऱ्याला माझं सांगणं: टायटॅनियम पांढरा, लेमन यलो, यलो ओकर, कॅडमियम लाल किंवा त्या कलाचा एखादा एकद्रव्यी लाल, क्विनॅक्रिडोन, अल्ट्रामरीन, थॅलो निळा आणि बर्न्ट सिएना. आठ पुरेत. चोवीसचा सेट चिखलाला आमंत्रण देतो. स्वीडिश चित्रकार आंदर्स झोर्न यांच्या नावाने ओळखली जाणारी पॅलेट, म्हणजे रंगांची निवड, तर पांढरा, ओकर, व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा एवढ्यावर चालते, आणि त्यात काळाच निळ्याचं काम करतो. माणसांच्या चेहऱ्यांसाठी ती करून बघा. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांचा चित्रसंग्रह आहे. तिथे जाऊन सावलीतली त्वचा कशी रंगवलीय ते जवळून बघणं हे कुठल्याही ट्यूबपेक्षा जास्त शिकवतं.

पांढऱ्याबद्दल एवढंच: सगळं दुधाळ दिसत असेल तर तुम्ही उजळ करायला प्रत्येक वेळी पांढराच घालताय. पिवळा किंवा हिरवा उजळवायला आधी फिका पिवळा घालून बघा. झिंक व्हाइट जास्त पारदर्शक, पण त्याचा थर कालांतराने ठिसूळ होतो. मुख्य पांढरा म्हणून तो नको.

वाळल्यावर रंग मेला तर

स्पर्शाला कोरड्या झालेल्या निस्तेज भागावर ओलं बोट फिरवा. ओला असेपर्यंत रंगाची खोली परत आली तर तो चिखल नाही. अस्तराने किंवा खालच्या थराने वरचं तेल शोषून घेतलंय. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन मऊ कापडाने अगदी पातळ चोळा आणि जादाचं लगेच पुसा. जाड राहिलं तर पिवळं पडतं. ओल्या बोटाने फरक पडला नाही तर रंगच मळका आहे, मागच्या तपासण्यांकडे जा.

परत परत असं होत असेल तर अस्तर दुरुस्त करायला हवं, आणि ते वेळखाऊ काम आहे. नव्या कॅनव्हासवर अॅक्रिलिक जेसोचे (अस्तराचा पांढरा लेप) आणखी दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या आणि शेवटच्या हातानंतर किमान तीन दिवस थांबा, पावसाळ्यात आणखी. जुलैत इथली हवा पाण्याने भरलेली असते, त्यामुळे जेसो वरून कोरडा आणि आतून ओला राहतो. तैलरंगही दमट, अंधाऱ्या खोलीत सावकाश वाळतो आणि अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. वाळत घातलेलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. उजेड मिळाला की ही पिवळी झाक बरीचशी उतरते. थर देताना खालचा कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा हा क्रम पाळा.

कुठे थांबायचं

सगळं तपासूनही लाल-हिरव्यात किंवा निळ्या-जांभळ्यात तुमचा गोंधळ होत असेल आणि इतरांना तो फरक सहज दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. रंगांधळेपणा पुरुषांत जास्त आढळतो आणि अनेकांना तो उशिरा कळतो. साठीनंतर रंग हळूहळू पिवळे-तपकिरी व्हायला लागले तर मोतीबिंदू तपासून घ्या. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली झालं, त्याआधीच्या चित्रांत तांबूस-तपकिरी छटा वाढलेली दिसते. यावर ट्यूब बदलून काही होत नाही.

रंगवताना डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर काम तिथेच थांबवा, खिडक्या उघडा, आणि त्रास पुन्हा झाला तर डॉक्टरांना वापरलेल्या टर्पेंटाइनची बाटली दाखवा. वाळलेला कॅडमियमचा किंवा जुना शिशाचा पांढरा थर घरी पॉलिशपेपरने घासू नका, ती धूळ विषारी असते.

आणि घरातलं आजोबांच्या वेळचं तैलचित्र काळवंडलं असेल, त्यावर बुरशी आली असेल किंवा रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर इथलं काहीही त्याच्यावर करू नका. बटाटा, लिंबू, साबण, तेल, काहीच नाही. उन्हातही ठेवू नका. पापुद्रे सुटत असतील तर चित्र आडवं ठेवा, रंग वरच्या बाजूला. बुरशी असेल तर ते दुसऱ्या चित्रांपासून दूर, हवेशीर खोलीत न्या. पुढून-मागून फोटो काढा आणि कलावस्तूंच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असं संवर्धन केंद्र आहे. कोणाकडे जावं याची चौकशी पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयातही करून बघा. तोवर पडलेले पापुद्रे झाडून टाकू नका, कागदाच्या पाकिटात जपून ठेवा. संवर्धकाला ते लागतात.